हातांतील फणी

प्रसूतिवेदनांच्या शमनाचा इतिहास सांगणारे बहुधा एडिंबरोपासून आरंभ करतात. तेथें जेम्स सिम्प्सन यांनीं १८४७ सालीं प्रसूतीच्या वेळीं प्रथम ईथर व पुढें क्लोरोफॉर्म वापरला. १८५३ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं व्हिक्टोरिया राणीस तिच्या आठव्या बाळंतपणांत क्लोरोफॉर्म दिला, आणि थोरामोठ्यांच्या घरांतून त्याची भीड चेपली. हा झाला राजमार्ग. आम्हांस मात्र आज वाचकांस एका आडवाटेनें न्यावयाचें आहे. त्या वाटेवर औषध नाहीं कीं सुई नाहीं. आहे ती केवळ केस विंचरण्याची फणी.

अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें विल्यम फिट्झजेरल्ड (१८७२–१९४२) हे कान, नाक व घसा यांचे डॉक्टर होते. शरीराच्या विवक्षित भागीं कांहीं वेळ दाब दिला असतां दुसरीकडील वेदना बधिर होते, असें त्यांस वाटूं लागलें. त्यावरून त्यांनीं शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. मध्यरेषेच्या दोहों बाजूंस पांच-पांच, व प्रत्येक पट्टा हातापायांच्या एकेका बोटाशीं जोडलेला. एडविन बॉवर्स यांच्या साह्यानें १९१७ सालीं त्यांनीं 'झोन थेरपी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत एक प्रकरण वेदनारहित प्रसूतीवर आहे. उपाय इतका साधा कीं वाचणारास हसूं यावें: बाईनें दोन्ही हातांत एकेक फणी घट्ट आवळून धरावी आणि तिच्या तळपायांवर कोणीं दाब द्यावा.

परंतु त्याच सुमारास दुसरीकडे काय चाललें होतें हें पाहिलें म्हणजे हें हसूं मावळतें. जर्मनींत फ्रायबुर्ग येथें क्रोनिग व गाउस हे डॉक्टर प्रसूत होणाऱ्या बाईस मॉर्फीन व स्कोपोलामीन टोचून एक प्रकारच्या संधिनिद्रेंत ठेवीत. त्या निद्रेंत वेदना सर्वस्वी जात नसे. जाई ती वेदनेची स्मृति. बाई ओरडे, तळमळे, पण जागी झाल्यावर तिला कांहींच आठवत नसे. अमेरिकेंतील सुशिक्षित स्त्रियांनीं १९१४ सालीं या निद्रेसाठीं संघ स्थापन केला, आणि त्यांचें म्हणणें अन्याय्य नव्हतें. हाल सोसणें हाच स्त्रीधर्म असें त्यांनीं कां मानावें? पुढच्याच वर्षीं त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं श्रीमती कारमोडी या बाळंतपणांत रक्तस्राव होऊन वारल्या. दोष औषधाचा नव्हे असें डॉक्टरांनीं सांगितलें, तरी चळवळीचा जोर ओसरला. औषध मात्र रुग्णालयांतून पुढें कित्येक वर्षें राहिलें. तळमळणाऱ्या बाईचे हात पलंगास बांधून ठेवण्याचे प्रकारही घडले. एकीकडे हे बांधलेले हात, आणि दुसरीकडे ते फणी धरलेले हात! फिट्झजेरल्ड यांची उपपत्ति कशीही असो, त्यांनीं बाईस शुद्धीवर ठेवून तिच्याच हातीं कांहीं दिलें होतें.

त्यांची विद्या पुढें हातांवरून पायांवर उतरली. युनिस इंगम या बाईंनीं तळपायांचा जणूं नकाशाच काढला. १९३८ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. त्या नकाशांत गर्भाशयाचें स्थान घोट्याच्या आंतल्या अंगास, टांचेकडे आहे. शारीरशास्त्रास तेथून गर्भाशयाकडे जाणारी अशी कोणतीही वाट ठाऊक नाहीं, आणि नकाशा म्हणून आम्हांस तो मान्य नाहीं. पण काशाच्या वाटीनें ज्यांच्या आजीनें तळपाय चोळले असतील, त्यांस त्या स्पर्शानें जीव निवतो हें कोणीं सांगावयास नको. त्यासाठीं नकाशाही नको.

शास्त्रीय कसोटीचा निकाल थोडक्यांत सांगतां येतो. प्रसूतींतील मर्दनादि उपायांचा २०१२ सालीं जो पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत निकषांस उतरलेल्या सहा चाचण्या होत्या. त्या सर्व मर्दनाच्या, पायांच्या या विद्येची एकही नाहीं. शिवाय आपले पाय दाबले जात आहेत हें बाईपासून लपवावें कसें, ही अडचण अशा प्रत्येक चाचणींत राहणारच. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें स्पर्शाच्या संवेदना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूशीं वेदनेची वाट अडवूं शकतात. पण तेवढ्यानें दहा पट्टे सिद्ध होत नाहींत. याहून भक्कम पुरावा अगदीं निराळ्या गोष्टीचा आहे. २०१७ सालच्या आढाव्यांत सव्वीस चाचण्या व पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. प्रसूतीच्या वेळीं ज्यांच्याजवळ कोणी माणूस सतत बसून राहिलें, त्यांच्या कळा कांहींशा लवकर आटोपल्या, आणि वेदनाशामकांची व शस्त्रक्रियेची गरज कमी पडली. पाय चोळणारा माणूस पायांशीं बसलेला असतोच, हें येथें विसरतां येत नाहीं. मात्र अडलेली बाळंतीण किंवा रक्तस्राव यांवर चोळणें हा उपाय नव्हे. तेथें डॉक्टरच हवा.

पट्ट्यांचें तें पुस्तक आज फारसें कोणी उघडीत नाहीं. फणी मात्र उरली आहे. पाश्चात्त्य देशांतील कित्येक सुइणी अजूनही बाईच्या हातीं लांकडी फणी देतात. तिचे दांते बोटांच्या मुळाशीं, तळहाताच्या वरच्या कडेस टेकवावयाचे. कळ आली कीं मूठ आवळावयाची, आणि ओसरली कीं सैल सोडावयाची.