चीज, चर्चपट्टी आणि भिंत

१ जानेवारी १८०२, शुक्रवार. अमेरिकेची राजधानी ती हीच, असं सांगूनही तुम्हाला खरं वाटत नाही. पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यू म्हणजे तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि चिखल. राष्ट्राध्यक्षांचं घर अजून अर्धवटच आहे. पूर्वेकडचं मोठं दालन इतकं अपुरं की, गेल्या हिवाळ्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अॅबिगेल अॅडम्सबाई तिथे धुणं वाळत घालत होत्या. आज नवं वर्ष, त्यामुळे घर सगळ्यांना खुलं आहे. गर्दीबरोबर आत शिरा, कुणी अडवणार नाही.

आत सगळे चीज बघायला जमले आहेत. चार फूट व्यासाची, फूटभराहून जाड चकती. वजन १२३५ पौंड, म्हणजे ५६० किलो. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या शेतकऱ्यांनी ती गेल्या जुलैत केली. सुमारे ९०० गाईंचं दूध लागलं आणि एवढं मोठं चीज दाबायला साचा कुठून आणणार, म्हणून सफरचंदाचा रस काढायचा घाणाच वापरला. विरोधी फेडरलिस्ट पक्षवाल्याच्या गाईचं दूध चुकूनही पडू दिलं नाही, असं गाववाले सांगतात. गाईंनाही पक्ष असतो हे तुम्हाला आपल्याकडच्या दूध सोसायट्यांमुळे नवीन वाटणार नाही.

जवळ जाऊन नीट बघा. चीजवर एक वाक्य उमटवलंय: जुलमी सत्तेविरुद्ध बंड करणं म्हणजेच देवाची आज्ञा पाळणं, अशा अर्थाचं. यजमान थॉमस जेफरसनला हे वाक्य इतकं प्रिय आहे की त्याच्या खासगी मोहरेवरही तेच आहे. चीजसोबत आलेल्या मानपत्रात गावकऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे: या कामाला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. ज्याला हे ऐकवलं जातंय त्याच्या व्हर्जिनियातल्या मळ्यांवर शंभराहून अधिक गुलाम राबताहेत. भेटीतली ही खोच कुणाच्या लक्षात आली की नाही, ते चेहऱ्यांवरून कळत नाही.

चीज घेऊन आलेला माणूस म्हणजे एल्डर जॉन लेलंड, वय ४७, बाप्टिस्ट धर्मोपदेशक. इथे तुम्ही बुचकळ्यात पडायला हवं. १८०० च्या निवडणुकीत न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स-कनेक्टिकटच्या भागातल्या, पाद्र्यांनी व्यासपीठावरून जेफरसनला नास्तिक ठरवलं होतं. आणि हा रात्रंदिवस बायबल सांगत फिरणारा माणूस त्याच नास्तिकासाठी पाचशे मैलांवरून चीज घेऊन येतो?

उत्तर चर्चपट्टीत आहे. तुम्ही जशी घरपट्टी, पाणीपट्टी भरता, तशी मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चची पट्टी भरावी लागते. १७८० च्या राज्यघटनेतलं तिसरं कलम गावागावाला प्रॉटेस्टंट धर्मशिक्षक पोसायला लावतं. गावात बहुमत ज्यांचं, पाद्री त्यांचा; आणि बहुमत बहुतेक ठिकाणी काँग्रिगेशनल चर्चचं. तुम्ही बाप्टिस्ट असाल तर तसा दाखला आणा, मग तुमचे पैसे तुमच्या पाद्र्याकडे वळवू, असं वसूल करणारे म्हणतात. कनेक्टिकटमध्येही दाखल्याचीच तऱ्हा. बाप्टिस्टांचं म्हणणं असं की, देवाची भक्ती करायला आम्ही सरकारचा दाखला काय म्हणून काढायचा?

लेलंडने व्हर्जिनियात चौदा-पंधरा वर्षं काढली आहेत. तिथे अमेरिकन क्रांतीआधी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकत. जेम्स आयर्लंड नावाचा एक जण कल्पेपरच्या तुरुंगाच्या गजांमधून बाहेर जमलेल्यांना प्रवचन देत असे. पुढे व्हर्जिनियातच जेफरसनने लिहिलेला आणि जेम्स मॅडिसनने मंजूर करवून घेतलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये आला. बाप्टिस्टांचा जेफरसनवर जीव आहे तो यामुळे. तो मनातून येशूला देव मानतो की नाही, याची त्यांना फिकीर नाही. लेलंडने १७९१ मध्येच लिहून ठेवलंय की धर्ममतांशी सरकारचा संबंध गणिताच्या सिद्धांतांशी असतो तेवढाच असावा. त्याला हे स्वातंत्र्य ज्यू, तुर्क आणि मूर्तिपूजक या सगळ्यांसाठी हवं आहे. म्हणजे त्या यादीत, चिखलाचे बूट घालून कोपऱ्यात उभे असलेले तुम्हीही आलात.

तुमच्याशी आणखी एक धागा जुळतो: चेशायर ज्या बर्कशायर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात विल्यमस्टाउनचं विल्यम्स कॉलेज आहे. तिथे शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरेल आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू होईल. पुढे अहमदनगर, ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक. हे मिशनरी आले ते मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेतून. ते मुंबईत धर्मप्रसाराची परवानगी मागत होते, तेव्हा त्यांच्या घरच्या राज्यात त्यांच्याच चर्चसाठी पट्टी वसूल होत होती. हे आपल्याकडच्या इतिहासांत फारसं येत नाही.

आता खालची गर्दी सोडून जेफरसनच्या मेजाशी चला. कनेक्टिकटच्या डॅनबरी बाप्टिस्ट असोसिएशनचं पत्र परवाच हाती आलंय. आमचं धर्मस्वातंत्र्य हे राज्याने केलेले उपकार म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही, अशी त्यांची तक्रार. उत्तराचा मसुदा तयार आहे. त्याने तो दोन न्यू इंग्लंडवाल्या सहकाऱ्यांना, लेव्हाय लिंकन आणि गिडियन ग्रेंजर यांना दाखवला आहे. कागद बघा: चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत ‘चिरंतन’ असल्याचं लिहून तो शब्द खोडलाय. उपवासाचे आणि आभाराचे दिवस सरकारी फर्मानाने आपण का जाहीर करत नाही, याचा खुलासा करणाऱ्या ओळींभोवती रेघ मारलीये. समासात कारणही दिलंय: पूर्वेकडच्या राज्यांत असे दिवस जाहीर करायची जुनी चाल आहे, आपल्याच पक्षाच्या मित्रांना हे खुपेल. तत्त्वाचा कागद म्हणून ज्याची पारायणं होतात, त्यात राजकीय हिशेब किती होता ते या समासात दिसतं. मला तरी त्यामुळे कागदाची किंमत कमी झाली असं वाटत नाही. खोडलेली अक्षरं १९९८ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचून काढली. भिंतीबद्दल बोलणारं हे पत्र संपतं मात्र प्रार्थनेला प्रार्थनेने उत्तर देऊन.

शेवटचा मुक्काम रविवार, ३ जानेवारी. प्रतिनिधिगृहाची इमारत अजून व्हायची आहे. तोवर विटांची एक लंबगोल तात्पुरती वास्तू उभारलीय, तिला सगळे ‘ओव्हन’ म्हणतात. आज तिथे कायदे होणार नाहीत, उपासना होणार आहे. सभापतींच्या आसनावरून लेलंड प्रवचन देतो आणि श्रोत्यांत बसलाय स्वतः जेफरसन. भिंतीचं पत्र लिहून दोनच दिवस झालेत.

त्या श्रोत्यांत मनासे कटलरही आहे. मॅसॅच्युसेट्सचा फेडरलिस्ट खासदार आणि स्वतः काँग्रिगेशनल पाद्री. लेलंड त्याच्या लेखी चीजविक्या, अडाणी, विदूषक. आजच्या प्रवचनाचा विषय बायबलमधलं वचन आहे: इथे सॉलोमनहून थोर कुणीतरी आहे. वचन येशूबद्दलचं. पण उपदेशकाचा रोख समोर बसलेल्या माणसाकडे होता, असं कटलर लिहून ठेवणार आहे. कटलर आकसाने लिहितोय हे धरूनही मला यात तथ्य दिसतं. सरकारचा हात चर्चपासून दूर ठेवायला निघालेला माणूस त्या भारावलेल्या क्षणी राष्ट्राध्यक्षाचे गोडवे गायला चुकला नसेल. या भिंतीचा पहिला टवका कुणी काढला म्हणाल, तर भक्तांनीच.

जेफरसनने चीजचे पैसे लगेच चुकते केले, २०० डॉलर. भेटी फुकट घ्यायच्या नाहीत हा त्याचा नियम. पण त्याच्या भिंतीचा पाया असलेली अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती बांधत होती फक्त केंद्राला, काँग्रेसला. राज्यांना मोकळीक होती. म्हणून हे पत्र पोचूनही डॅनबरीकरांना चर्चपट्टीतून सुटायला १८१८ पर्यंत थांबावं लागलं, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर तत्त्वापेक्षा पैशाने काम केलं. १८२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डेडहॅम चर्चच्या वादात मालमत्ता उदारमतवादी युनिटेरियन बाजूच्या पदरात टाकली. पट्टीचा पैसा आता विरोधी मताच्या पाद्र्यांकडे जातोय हे दिसल्यावर सनातनी काँग्रिगेशनलांनाही पट्टी नकोशी झाली. १८३३ मध्ये ती रद्द झाली. लेलंड तेव्हा ७९ वर्षांचा होता.