'सिल्व्हर घोस्ट' गाडीची चाल : परीक्षा व पुरावा

जुन्या मोटारीची योग्यता तिच्या लकाकीवरून ठरविणें म्हणजे केवळ शिक्का पाहून कागद अस्सल मानण्यासारखें होय. रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट'विषयीं बहुधा असेंच घडतें. मुळांत हें नांव एकट्या गाडीचें : क्रमांक एएक्स २०१, रंग ॲल्युमिनियमचा, उपकरणांस चांदीचा मुलामा. तिची जात '४०/५० अश्वशक्ती' या नांवानें १९०६ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत आली. सबंध जातीस 'घोस्ट' म्हणणें १९२५ सालीं 'फँटम' निघाल्यानंतरचें. त्यापूर्वीच्या कारखान्याच्या कागदांत तें जातिवाचक आढळल्यास संग्राहकांनीं शंका अवश्य घ्यावी.

१९०७ सालीं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं ही गाडी लंडन-ग्लासगो मार्गावर १५,००० मैल चालली. ६२९ मैलांवर धक्क्यानें पेट्रोलची तोटी मिटली, तेवढाच काय तो खोळंबा. पुढील १४,३७१ मैल निर्वेध. नंतर गाडी सुटी करून झिजलेले भाग बदलले, त्यांचा खर्च २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. आमच्या मतें सर्व स्तुतिपाठांहून हा हिशेब वजनदार आहे, कारण तो विक्रेत्याचा नसून परीक्षकांचा आहे.

तथापि ही परीक्षा टिकाऊपणाची होती. सहा सिलिंडरांचें सात लिटरांचें एंजिन मंदगतींतही जोर धरी, म्हणून गिअर क्वचितच बदलावा लागे. चालविणाऱ्यास जें सुख वाटे त्याचें मूळ येथें आहे. १९०८ सालीं 'पर्ल ऑफ द ईस्ट' नांवाची याच जातीची गाडी मुंबई-कोल्हापूर परीक्षेंत आमच्या घाटांतूनही सुखरूप गेली व पुढें ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे आली. परंतु चढाचा खरा निकाल १९१२ सालीं ऑस्ट्रियांतील काट्शबर्ग घाटांत लागला. तोंपर्यंत कारखान्यानें चारांऐवजीं तीनच गिअर ठेविले होते. जेम्स रॅडली याची गाडी तेथें चढावर थांबली ती उतारू खालीं उतरविल्यावांचून पुढें निघेना. हा प्रसंग प्रशंसक मंडळी घाईनें ओलांडतात. वास्तविक गाडीचा स्वभाव येथेंच कळतो. कारखान्यानें चूक ओळखून पहिला गिअर अधिक जोराचा असा चार गिअरांचा संच दिला, आणि १९१३ च्या आल्प्स-स्पर्धेंत त्याच जातीच्या गाड्यांनीं नांव मिळविलें.

उताराविषयीं मात्र १९०७ चा दाखला मुका आहे. पुढील चाकांस ब्रेक आले ते १९२४ सालीं. तोंपर्यंत दीड-दोन टनांचा हा भार मागील चाकांच्याच भरंवशावर घाट उतरत असे.