धर्मादाय संस्थेचे विलीनीकरण किंवा फेररचना: मंजुरी कोण देते, लाभार्थी काय करू शकतात?

समजा, रायपूरच्या समता कॉलोनीतील एखादा न्यास दवाखाना किंवा विद्यार्थी वसतिगृह चालवतो आणि तुम्ही तिथले लाभार्थी आहात. न्यास दुसऱ्या संस्थेत विलीन होणार, जागा विकणार किंवा उद्देश बदलणार असे कानावर आले, तर आधी विचारा: मंजुरी कोणाची घेतली? विश्वस्तांचा ठराव ही फक्त सुरुवात असते.

संस्था कोणत्या प्रकारची आहे?

पावती किंवा फलकावरील नोंदणी क्रमांक पाहा. मंजुरी देणारे कार्यालय त्यावरून ठरते.

- लोक न्यास (ट्रस्ट): छत्तीसगडमध्ये 1951 चा लोक न्यास अधिनियम लागू आहे. हा कायदा झाला तेव्हा नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. जिल्हाधिकारी हे न्यासांचे निबंधक असतात. कार्यालयात चौकशी करताना ‘पंजीयक, लोक न्यास’ असे विचारा.
- संस्था (सोसायटी, समिती): 1973 चा सोसायटी नोंदणी कायदा लागू होतो. नाव, उद्देश किंवा नियमावलीतील बदल फर्म्स व संस्थांच्या निबंधकाकडे नोंदवावा लागतो.
- कलम 8 ची कंपनी: कंपनी कायदा, 2013 नुसार ती फक्त समान उद्देशाच्या दुसऱ्या कलम 8 कंपनीतच विलीन होऊ शकते.

छत्तीसगडमधील न्यास: कोणत्या बदलाला कोणाची मंजुरी?

1. विश्वस्त बदलणे: कार्यकारी विश्वस्ताने निबंधकाला कळवून नोंदवहीत दुरुस्ती करून घ्यावी लागते.
2. जागा विकणे, गहाण ठेवणे, अदलाबदल करणे, दान देणे: निबंधकाची पूर्वमंजुरी लागते (कलम 14). शेतजमीन 7 वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देतानाही ती लागते. मंजुरीविना झालेला व्यवहार वैध नसतो. मात्र, न्यासाच्या हिताला बाधा येते असे वाटले तरच निबंधक मंजुरी नाकारू शकतात. म्हणून ‘जागा गेली तर वसतिगृह बंद पडेल’ यासारखी नेमकी हरकत लेखी देणे महत्त्वाचे आहे.
3. मूळ उद्देश निष्फळ ठरणे किंवा कारभार बिघडणे: न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती निबंधकाकडे अर्ज करू शकते (कलम 26). अर्जात तथ्य आढळल्यास निबंधक विश्वस्तांना न्यायालयाकडून निर्देश घेण्यास सांगतात. विश्वस्तांनी तसे केले नाही, तर निबंधक स्वतः न्यायालयात अर्ज करतात. कारभाराची नवी योजना ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो.

मुख्य संस्था महाराष्ट्रात असेल तर?

तिथे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. कलम 50-अ नुसार धर्मादाय आयुक्त स्वतः दोन किंवा अधिक न्यासांसाठी एकच योजना आखून त्यांचे एकत्रीकरण करू शकतात. त्याआधी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते. विश्वस्तांना आणि हितसंबंधी व्यक्तींना म्हणणे मांडण्याची संधीही द्यावी लागते. सोसायटी नसलेल्या सर्वसाधारण धर्मादाय न्यासात या कायद्याने लाभार्थ्यालाही ‘हितसंबंधी व्यक्ती’ मानले आहे. स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठी कलम 36 नुसार पूर्वमंजुरी लागते.

तुम्ही काय करावे?

- संस्थेकडे लेखी अर्ज करून ठरावाची आणि मंजुरी आदेशाची प्रत मागा. अर्जाची पोच घ्या.
- प्रत मिळाली नाही, तर निबंधक कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. उत्तराची मुदत साधारणपणे 30 दिवस आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही.
- प्रकरण सुनावणीत असेल, तर प्रकरण क्रमांक लिहून हरकत द्या. तुम्हाला कोणता लाभ, केव्हापासून मिळतो आणि बदलाने काय थांबेल, एवढे स्पष्ट लिहा. ओळखपत्र, कार्ड किंवा पावतीची प्रत जोडा.
- मूळ कागदपत्रे कोणालाही देऊ नका.

नेहमीचे प्रश्न

*विलीनीकरणाने माझी सरकारी पेन्शन बंद होईल का?*
नाही. शासनाकडून थेट तुमच्या बँक खात्यात येणारी पेन्शन संस्थेच्या विलीनीकरणावर अवलंबून नसते. शाळा किंवा वसतिगृहामार्फत अर्ज केलेली शिष्यवृत्ती असेल, तर संस्थेचे बदललेले नाव नोंदीत आले का, ते तपासा.

*नव्या संस्थेने पुन्हा नोंदणीसाठी पैसे मागितले तर?*
मंजूर योजनेत किंवा आदेशात तसे शुल्क लिहिले आहे का, ते आधी पाहा. पैसे दिल्यास पावती घ्या.

*एकट्याने अर्ज केला तर चालतो का?*
छत्तीसगडमध्ये कलम 26 खाली एका व्यक्तीचा अर्ज चालतो. महाराष्ट्रात कलम 50-अ खाली योजना मागण्यासाठी किमान दोन हितसंबंधी व्यक्ती लागतात.