विदर्भाची भाकरी कशी फिरली?

नागपूरजवळच्या जामठा मैदानावर फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू होता. विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळने दोन गडी झटपट गमावले. पडझड थोपविण्यासाठी जो डावखुरा फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसला, तो नागपूरचाच आदित्य सरवटे होता. याच मैदानावर फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन त्याने विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून दिला होता. या वेळी त्याने ७९ धावा काढल्या, पण केरळसाठी. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडकावर नाव कोरले.

अनुभवी खेळाडू बाहेर, नवी मुले आत आणि तरीही करंडक घरात, हे गणित अमेरिकी बेसबॉलच्या चाहत्याला ओळखीचे वाटेल. तिथे एखाद्या संघाला जेतेपदाची आशा उरली नाही, की तो नावाजलेले खेळाडू विजेतेपदाच्या शर्यतीतील संघांना देऊन टाकतो आणि बदल्यात त्यांच्या दुय्यम लीगमध्ये घडत असलेले तरुण घेतो. काही वर्षे पराभव पदरी पडतात, प्रेक्षक पाठ फिरवतात. ह्यूस्टन अॅस्ट्रोज संघाने २०११ मध्ये हंटर पेन्ससारखा लोकप्रिय खेळाडू फिलाडेल्फियाला दिला आणि २०१३ मध्ये १६२ पैकी १११ सामने गमावले. २०१७ मध्ये हाच संघ वर्ल्ड सीरिज जिंकला. (त्या यशाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, हा भाग वेगळा.) त्याच वर्षी डेट्रॉईटने आपला दिग्गज गोलंदाज जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला दिला आणि तीन तरुण खेळाडू घेतले. एकाची उभारणी संपत होती, तेव्हा दुसऱ्याची सुरू होत होती.

भारतीय क्रिकेटमध्ये अशी अदलाबदल केवळ आयपीएलमध्ये दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला, तो असाच व्यवहार होता. रणजी स्पर्धेत मात्र तशी सोय नाही. खेळाडू आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतो आणि दुसऱ्या राज्याकडे जातो. ज्या संघटनेने त्याला घडविले, तिच्या हाती काहीच लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सरवटे केरळकडे आणि वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, तेव्हा विदर्भाला मोबदल्यात एकही होतकरू खेळाडू मिळाला नाही.

या दोघांची जागा भरणे किती अवघड होते, हे समजण्यासाठी पहिल्या जेतेपदाकडे वळावे लागेल. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला सहा दशके कोणी गंभीरपणे घेतले नव्हते. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले, फैज फजल कर्णधार होता आणि मुंबईहून आलेला वासिम जाफर ड्रेसिंग रूममध्ये होता. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकवर अवघ्या पाच धावांनी मात करताना गुरबानीने सामन्यात १२ बळी टिपले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ प्रथमच विजेता ठरला. पुढच्या वर्षी वयाच्या चाळिशीत जाफरने हजाराहून अधिक धावा केल्या आणि करंडक विदर्भाकडेच राहिला.

त्यानंतर उतरण लागली. २०१९-२०, २०२१-२२ आणि २०२२-२३ या तिन्ही हंगामांत विदर्भाला उपांत्यपूर्व फेरीही गाठता आली नाही (२०२०-२१ ची स्पर्धा कोरोनामुळे झालीच नाही). मार्च २०२० मध्ये जाफर निवृत्त झाला. पंडित मध्य प्रदेशात गेले आणि त्या संघाला त्यांनी २०२२ मध्ये करंडक जिंकून दिला. नागपूरकरांना हे झोंबले नसेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या पडत्या काळातला एक सामना मात्र पुढची दिशा दाखवून गेला. जानेवारी २०२३ मध्ये जामठ्यावर गुजरातला विजयासाठी केवळ ७३ धावा हव्या होत्या आणि त्यांचा डाव ५४ धावांत आटोपला. रणजीच्या इतिहासात इतक्या कमी धावांचे रक्षण कोणी केले नव्हते. सहा बळी घेणारा होता सरवटे. तीन बळी घेऊन त्याला साथ देणाऱ्या विशीतल्या डावखुऱ्या फिरकीपटूचे नाव होते हर्ष दुबे.

पुनर्बांधणीचा खरा पाया त्याही आधी घातला गेला होता. मोठा संघ इंदूरमध्ये पहिला करंडक जिंकला, त्याच महिन्यात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक पटकावला आणि त्या अंतिम सामन्यात अथर्व तायडेने त्रिशतक झळकावले. वरच्या फळीचा जल्लोष चालू असताना खालची फळी तयार होत होती. बेसबॉलमधला संघ अशी मुले दुसऱ्याकडून मागून घेतो. विदर्भाला ती स्वतःच्या घरात वाढवावी लागली.

घरातली मुले एका रात्रीत मोठी होत नाहीत. मधला काळ निभावण्यासाठी विदर्भाने नियमाने मुभा दिलेल्या बाहेरच्या खेळाडूंचा आधार घेतला आणि ही निवड चोख होती. २०२३-२४ मध्ये करुण नायर कर्नाटकहून आणि ध्रुव शोरी दिल्लीहून आला. योगायोग असा, की त्या उपांत्य सामन्यात कर्नाटककडून विदर्भाला सर्वाधिक झुंजविणारा नायरच होता आणि इंदूरच्या हॅट्‌ट्रिकमधला तिसरा बळी शोरीचा होता! त्याच हंगामात यष्टिरक्षक अक्षय वाडकर कर्णधार झाला, विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान गनी प्रशिक्षक झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फजलने निवृत्ती पत्करली. उपांत्य सामन्यात पंडितांच्या मध्य प्रदेशला ६२ धावांनी हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला. वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. वाडकरच्या शतकानंतरही विदर्भ १६९ धावांनी हरला.

पुढच्या हंगामात सरवटे गेला आणि दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामातला तो विक्रम ठरला. यश राठोडने ९६० धावा केल्या. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नवख्या पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना माघारी धाडले. अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी दाणादाण उडाली असताना पहिलाच हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. त्याच्या जोडीला दुसऱ्या टोकाला अनुभवी नायर होता आणि दोघांनी २१५ धावा जोडल्या. बाहेरचा खेळाडू नेमका कशासाठी आणायचा, याचे उत्तर या भागीदारीत मिळते. नायरने दुसऱ्या डावात शतकही ठोकले.

तो २०२५-२६ च्या हंगामात कर्नाटकला परतला. यष्टिरक्षक जितेश शर्मानेही बडोद्याची वाट धरली. याही वेळी बदल्यात कोणी मिळाले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात जामठ्यावर विदर्भासमोर शेष भारताचा संघ उभा होता. कूचबिहारच्या अंतिम सामन्यात गाजलेल्या तायडेने पहिल्या डावात १४३ धावा केल्या आणि विदर्भ ९३ धावांनी जिंकला.