भोगवर्धनकरांकडून सप्रेम भेट

भोकरदनच्या बाजारपेठेतल्या भिंतींविषयी लिहायचे तर सुरुवात नर्मदेपलीकडे करावी लागते. सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवती जो दगडी कठडा आहे त्याच्या खांबांवर, आडव्या सूचींवर आणि प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या फरश्यांवर शेकडो लहान लहान ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. बहुतेक लेख एका ओळीचे. माणसाचे नाव, गावाचे नाव आणि शेवटी ‘दानं’. भिक्षू आणि भिक्षुणी, गृहस्थ, व्यापारी, कोणाची आई, कोणाची बायको अशी ही माणसे आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरते. राजेलोकांची नावे अगदी मोजकी. या लेखांतल्या गावांत भोगवर्धन आहे. पुराणांनी दक्षिणापथाच्या लोकांची यादी दिली तिथे अश्मकांच्या शेजारी भोगवर्धनांचे नाव येते. पैठणहून अजिंठ्याच्या डोंगरातून उज्जयिनीकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरचे हे शहर. जालना जिल्ह्यातले, केळणा नदीच्या काठचे आजचे तालुक्याचे गाव भोकरदन ते हेच. नुसत्या नावाच्या साम्यावर हे म्हटले असते तर शंकेला जागा राहिली असती. पण १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातले भरभराटीचे नगर मातीखालून वर आले. मणी, बांगड्या, नाणी, हस्तिदंती वस्तू, म्हणजे बाजार असलेल्या आणि कारागीर पोसणाऱ्या गावाच्या सगळ्या खुणा.

माझे म्हणणे असे की, महाराष्ट्रात रस्त्यावरच्या कलेचा इतिहास लिहिताना आपण चुकीच्या ठिकाणापासून मोजायला लागतो. मुंबईत ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेने तुळशी पाइप रोडची भिंत लोकांना रंगवायला दिली, पुढे वांद्र्याच्या दूरध्वनी इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले, २०१७ साली ससून डॉकमध्ये कलाप्रकल्प झाला. या घटना महत्त्वाच्या आहेत, पण त्यांना आरंभ मानले की कला मोठ्या शहरातून येते आणि छोट्या गावाने ती उसनी घ्यायची असते, असे चित्र तयार होते. भोगवर्धनाचा पुरावा उलटी गोष्ट सांगतो. इथली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी विंध्य ओलांडून, चालत्या वाटेवरच्या, कोणीही यावे आणि पाहावे अशा जागी एका कलाकृतीचा एकेक तुकडा आपल्या पैशाने उभा करत होती आणि त्यावर आपल्या गावाचे नाव कोरून घेत होती. चित्र सार्वजनिक होते ते रस्त्यावर असल्याने नव्हे. त्याचा खर्च अनेकांत वाटला जातो आणि त्यावरच्या नावांत गाव असते, तेव्हा ते सार्वजनिक होते. तुळशी पाइप रोडचा प्रयोग लोकांना भावला तोही याच कारणाने, असे मला वाटते. ज्याला जेवढी भिंत मिळाली तेवढी त्याची झाली.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल. सांचीचा कठडा धर्माचा, त्यामागची प्रेरणा पुण्याची. त्याला रस्त्यावरची कला कसे म्हणावे? प्रेरणा पुण्याची होती हे खरेच आहे. पण पुण्यासाठी गावाचे नाव लिहायची गरज नसते. एकाच नावाची दोन माणसे वेगळी ओळखू यावीत म्हणून गाव लिहिले असेल, असे फार तर म्हणता येईल, आणि तेही मान्य करू. तरीही परिणाम बदलत नाही. परदेशी वाटसरू त्या वाटेने फिरला की भोगवर्धन, उज्जयिनी, विदिशा ही नावे त्याच्या डोळ्यांखालून जात. शिवाय त्या कलेचा विषय केवळ देवाधर्माचा नव्हता. भारहूतच्या स्तूपाचा कठडा पाहा. तो पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला १८७३ साली सापडला, भोकरदनच्या उत्खननाआधी बरोबर शंभर वर्षे, आणि आता त्याचा मोठा भाग कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. तिथे दान देणाऱ्यांत नाशिक आणि करहाटक, म्हणजे आपले कऱ्हाड, इथली माणसे आहेत. त्यावरच्या अनेक दृश्यांच्या जवळ चित्र कशाचे ते सांगणारी ओळ कोरलेली आहे. चित्र आणि शेजारी मजकूर ही आपल्या भिंतींची रीत इतकी जुनी आहे. त्यांतले एक दृश्य तर मला या साऱ्या विषयाचे मूळ वाटते. अनाथपिंडिक नावाचा व्यापारी जेतवनाची बाग विकत घेतो आणि किंमत म्हणून सगळी जमीन नाण्यांनी झाकतो. बैलगाडीतून नाणी उतरत आहेत, माणसे ती चौकोन चौकोन मांडत आहेत. लोकांच्या दानातून घडलेल्या दगडावर लोकांसाठी दिलेल्या दानाचे चित्र.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. देणारे कोण होते? ज्यांच्याकडे देण्याजोगे होते ते. शेतमजुराचे, गुलामाचे नाव त्या कठड्यावर कुठे आहे? आणि घडवणाऱ्याचे? पहिल्या भागाला उत्तर नाही. ती उणीव त्या कलेची आहे आणि ती तशीच नोंदवली पाहिजे. दुसऱ्या भागाला मात्र सांचीतच उत्तर मिळते. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याने स्वतःच्या दानाचा लेख कोरला आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे रूपकाम केले, असेही लिहिले आहे. म्हणजे घडवणारे केवळ मजुरीचे हात नव्हते. ते आपल्या धंद्याच्या नावाने सार्वजनिक दगडावर उभे आहेत. इथे भोगवर्धन पुन्हा आठवते, कारण तेही हस्तिदंताचे गाव. बाजारात, दुकानाच्या ओट्यावर बसून बोटभर हस्तिदंतात जी बाई कोरली जाई, दागिन्यांनी मढलेली, बाजूला दासी असलेली, तीच ठेवण तोरणावरच्या यक्षीची आहे. रस्त्यावरच्या मोठ्या कलेची भाषा बाजारातल्या छोट्या कलेने घडवली. कॅलेंडरवरचे गणपती आणि लक्ष्मी आपल्याकडे भिंतीवर उतरले, त्याची ही जुनी आवृत्ती म्हणता येईल.

अजिंठ्याची तीच रीत. भोकरदनहून सिल्लोडमार्गे तिकडे रस्ता जातो. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचे दान वासिष्ठीपुत्र कटहादीने दिले असा लेख तिथे आहे, बाराव्यात एका व्यापाऱ्याचे नाव आहे. लेणे कोणा एकाचे नव्हे, दर्शनी भाग याचा, खोली त्याची. २८ एप्रिल १८१९ रोजी ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ त्या दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. तेही भिंतीवरचे नावच, पण त्यात दान नव्हते. कटहादीच्या लेखातला आणि स्मिथच्या ओरखड्यातला फरक ज्याला कळला त्याला सार्वजनिक चित्र म्हणजे काय ते कळले.

ही परंपरा अखंड चालत आली असे मी म्हणत नाही. मध्ये दीड-दोन हजार वर्षे आहेत आणि धागा अनेकदा तुटला आहे. पण देण्याची आणि नाव लिहिण्याची रीत गावाने सोडलेली नाही. देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, शाळेच्या पंख्यावर आणि कपाटावर ‘सप्रेम भेट’, एसटी थांब्याच्या बाकावर कोणाच्या आईचे नाव. हे लेख आणि सांचीचे लेख यांचे व्याकरण एकच आहे: कोण, कुठला, काय दिले. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या ‘बोलक्या भिंती’ पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणीतून रंगल्या, त्या याच जातीच्या. मराठवाड्यात आणि विदर्भात लग्नघराची दर्शनी भिंत अजून रंगवली जाते. आधी चुन्याचा हात, मग गणपती, केळीचे खांब, हत्ती, भालदार-चोपदार, वधूवरांची नावे आणि तिथी, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरचे नाव. दाता आणि कारागीर दोघेही एका भिंतीवर. दोन पावसाळ्यांत रंग उतरतो, नावे मात्र बरेच दिवस वाचता येतात.

बाजारातली मोठी भिंत मग या रीतीतून सुटली कशी? ती सरकारची पाटी झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावी आला. देवीच्या रोगाच्या निर्मूलनात रोगी कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर करणारी अक्षरे भिंतींवर उमटली. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाने नगरपालिकांना पुन्हा रंगाचे डबे उघडायला लावले. कोणी म्हणेल, या भिंतींनी जीव वाचवले, त्यांच्यावर टीका कशाला? वाचवलेच. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि त्या यशात भिंतीवरच्या अक्षरांचा वाटा होता, हे कृतज्ञतेने सांगावे असे आहे. पण त्या काळात भिंतीची दिशा बदलली. गावाने भिंतीवरून बोलायचे ते भिंत गावाला सांगू लागली. याला अपवाद ठरली ती चळवळीची भिंत. १९७८ ते १९९४ या काळात मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा ज्यांनी लिहिल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना कोणत्याही कठड्यावर नाव कोरू दिले गेले नव्हते. सांचीची जी उणीव वर सांगितली ती या निळ्या अक्षरांनी भरून काढली आणि म्हणून रस्त्यावरच्या कलेच्या कोणत्याही मराठी इतिहासात त्यांना मानाची जागा हवी. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा अशा लिखाणाला विद्रूपीकरण मानतो. कायद्याची गरज समजते, पण भिंत विद्रूप कशाने होते हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणखी एक शंका निघते. लोकांच्या वर्गणीतून कला केली तर ती ओबडधोबड होईल, तज्ज्ञाला कंत्राट देणेच बरे. सांचीचे दक्षिण तोरण पाहिलेला माणूस हे म्हणणार नाही. पैसे शेकडो साध्या माणसांचे आणि छिन्नी उत्तम कारागिराची, या दोन गोष्टी एकत्र नांदल्या. आज तालुक्याच्या गावात तेच निसर्गचित्र, तोच वाघ, तेच झाड वाचवा एका गावातून दुसऱ्या गावात जसेच्या तसे उतरते. याचे कारण पेंटरच्या हातात नाही. त्याला कोणत्या गावासाठी रंगवतो आहोत हे कोणी सांगितलेले नसते.

गावाचे नाव लिहिले नाही तर काय होते, तेही पाहा. १९३८ साली पॉम्पेईच्या राखेतून हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. व्हेसुव्हियस इ. स. ७९ मध्ये उसळला, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचली होती. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या तळाशी खरोष्ठीत एक अक्षर आहे, गावाचे नाव नाही. त्यामुळे ती मथुरेची की आणखी कुठली यावर विद्वानांना वाद घालावा लागला. भोकरदनला आणि तेरला तशाच धाटणीच्या मूर्ती मिळाल्या तेव्हा पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनची असावी, असे मत मांडले. सांचीच्या कठड्यावर असा वाद नाही. तिथे दगडातच लिहिले आहे, भोगवर्धन.