चुकत चुकत जुळलेल्या तारा

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघाले की वाटेत पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्यावर पिकणारा हा मुलूख. या परिसराची कीर्ती दूरवर नेणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि गंमत अशी, की दोहोंचाही तारांशी संबंध आहे. पहिली गोष्ट तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचे गाव. तमाशातल्या ढोलकीच्या जोडीला असते ते तुणतुणे: एक पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला ताणलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी आणि एकच तार. दुसरी गोष्ट खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकात उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत आणि प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर आहे. भरीव पत्र्याची तबकडी वाऱ्यापुढे टिकावी म्हणून फार जड करावी लागली असती. म्हणून ताणलेल्या दोरखंडांवर पोलादी तारांची जाळी बसवण्याची युक्ती आपल्याच शास्त्रज्ञांनी शोधली.

तुणतुणे आणि दुर्बीण यांच्या दरम्यान कोठेतरी विजेच्या गिटारीची जागा आहे. तुणतुण्याप्रमाणे तिची तार छेडावी लागते आणि दुर्बिणीप्रमाणे तिच्यातील अतिसूक्ष्म विद्युत्संकेत वाढवून घ्यावा लागतो. आज आपल्या बहुतेक गायनवृंदांत ही गिटार दिसते. ती कोण वाजवतो हे आपल्याला ठाऊक असते. ती कोणी घडवली, आणि घडवण्याची विद्या कोठून आली, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. या लेखात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत. त्याचे उत्तर देताना लाकडाच्या आणि तारांच्या माहितीबरोबरच चुकांचाही इतिहास सांगावा लागेल, कारण ही विद्या चुकांतूनच वाढली आहे.

शिकलगारांची मिरज

महाराष्ट्रात हाताने तंतुवाद्ये घडवण्याचा विचार निघाला की पहिले नाव मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगारांची घरे होती. इंग्रजी अंमल स्थिरावला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि शस्त्रांची मागणी संपली. पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे चाहते होते. त्यामुळे गावात गवयांची ये-जा असे आणि त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने प्रथम या दुरुस्त्या हाती घेतल्या. मोडलेले वाद्य उघडून पाहावे, ते पुन्हा जोडावे आणि जोडता जोडता त्याचे रहस्य उमगून घ्यावे, हीच त्यांची शाळा. पुढे ते स्वतः तंबोरे व सतारी घडवू लागले आणि ‘सतारमेकर’ हेच त्यांच्या वंशजांचे आडनाव होऊन बसले.

या कामात कागदावरच्या मापांपेक्षा कानाची कसोटी मोठी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकणारे कडू भोपळे वाळवून आणायचे. त्यांतला कोणता गोल, कोणता जाड सालीचा, कोणाचा नाद खुला, हे टिचकी मारून ओळखायचे. तूण लाकडाची दांडी व तबली त्याला जोडायची. सर्वांत अवघड काम जवारीचे. घोडीचा वरचा पृष्ठभाग इतका किंचित उतरता घासावा लागतो, की तार त्याला निसटता स्पर्श करीत थरथरावी. एक घासणी कमी पडली तर स्वर बंद राहतो आणि एक जास्त झाली तर तो फाटतो. मग पुन्हा घासायचे, पुन्हा तार चढवायची, पुन्हा ऐकायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरांचा भोक्ता मिरजेत स्थायिक झाला. त्याला तेथे असे कान असलेले कारागीर भेटले. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवार घासणाऱ्या हातांनी जवारी घासण्याची ही दीडशे वर्षांहून अधिक काळाची साधना त्यामुळे सरकारदरबारी नोंदली गेली.

लाकडाचा ओंडका

आता साता समुद्रांपलीकडे वळू. 1930 च्या सुमारास अमेरिकेत नृत्यगृहांतील वाद्यवृंद मोठे झाले आणि पितळी वाद्यांच्या गजरात गिटारीचा आवाज बुडू लागला. 1931 साली जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या खटपटीतून एक वाद्य तयार झाले. त्याच्या रूपावरून लोक त्याला तळणीचा तवा म्हणत. त्यातील युक्ती साधी होती. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवायचे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. शेतीच्या मोटारी रिवाइंडिंग करणारा आपल्याकडचा कारागीर अशीच वेटोळी रोज गुंडाळतो. गिटारीतली तार मात्र केसाहून बारीक असते आणि तिचे वेढे हजारोंच्या घरात जातात.

पोकळ गिटारीला हे वेटोळे बसवले की एक नवे संकट उभे राही. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने गिटारीचे पोकळ अंगच थरथरू लागे आणि शिट्टी घुमे. कर्ण्यासमोर माइक नेला की काय होते, हे जत्रेत सर्वांनी ऐकलेले आहे. यावर लेस पॉल या वादकाने सुमारे 1940 साली उपाय काढला. न्यूयॉर्कमधील एका गिटार कारखान्यात रविवारी कोणी नसताना तो काम करी. चार इंच जाडीच्या पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर त्याने तारा चढवल्या. आवाज हवा तसा आला, पण श्रोत्यांनी ओंडक्याची दखलही घेतली नाही. मग त्याने जुन्या गिटारीचे अंग मधोमध कापून ते दोन पंखांसारखे ओंडक्याला चिकटवले. सूर तेच, पण आता रूप ओळखीचे होते, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असे तो स्वतः सांगत असे. गिब्सन कंपनीने आरंभी त्याची कल्पना हसण्यावारी नेली. 1952 साली त्याच कंपनीने त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली.

त्याच काळात कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारा लिओ फेंडर याच विचारात होता. त्याला गिटार वाजवता येत नसे. म्हणून तो आपली वाद्ये वादकांच्या हाती देई आणि त्यांच्या तक्रारी ऐकून पुढचे वाद्य सुधारी. 1950 साली बाजारात आलेल्या त्याच्या भरीव गिटारीची मान डिंकाने न चिकटवता स्क्रूने जोडलेली होती. मान बिघडली तर काढावी, दुसरी बसवावी. चूक होणारच हे गृहीत धरून ती दुरुस्त करण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

चुलाण्याची चौकट

1963 सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनजवळच्या एका घरात सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी एक काम आरंभले. विकतची गिटार परवडत नव्हती. म्हणून ती घरीच करायची ठरली. मानेसाठी शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या चुलाण्याच्या चौकटीचे महोगनी लाकूड घेतले. त्याला वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोके होती. ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक कामी आले. तारांचा ताण पेलायला एका जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. पट्टीवरचे शुभ्र ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्यांचे होते. वेटोळीही ब्रायनने स्वतः गुंडाळली, पण तार बोटाने ताणली की त्यांतून चमत्कारिक आवाज येई. ती बाजूला ठेवून त्याने विकतची घेतली आणि त्यांच्या आतली पोकळी डिंकाने भरून शिट्टी थांबवली. सुमारे दोन वर्षांनी गिटार पूर्ण झाली. पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वृंदात तीच गिटार त्याने आयुष्यभर वाजवली. 2007 साली त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली. खोडदच्या शेजाऱ्यांना हे वाचून आनंद वाटेल.

या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. हा पारशी मुलगा आपल्याच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि 1958 साली तेथेच त्याने सवंगड्यांबरोबर आपला पहिला वृंद उभारला.

सतरा की अठरा?

घरी गिटार घडवणाऱ्याची खरी परीक्षा पडद्यांपाशी होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात; एखादा बेसूर बोलला तर किंचित सरकवावा, काम झाले. गिटारीचे पडदे लाकडात खाच पाडून कायमचे ठोकलेले असतात. तेथे चुकीला क्षमा नाही. मग जागा ठरवायची कशी? खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्त्सो गॅलिली हे संगीतज्ञ होते. 1581 साली त्यांनी एक नियम मांडला: तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा ठोकावा. हा हिशेब सोपा असल्याने कारागिरांनी तो शतकानुशतके वापरला. पण तो नेमका नाही. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी व्हायला हवी. 648 मिलिमीटरच्या तारेवर तो पडदा 324 वर हवा, आणि या नियमाने तो 322 च्याही थोडा अलीकडे पडतो. नेमका भाजक अठरा नसून 17.817 आहे. म्हणजे पहिला पडदा 36 ऐवजी 36.4 मिलिमीटरवर येतो. तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, त्यासाठी घोडीही थोडी मागे सरकवावी लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या या गोष्टी पुस्तकात वाचून पटतात, पण हाताला त्या पहिली गिटार बिघडल्यावरच कळतात.

देवळातील वाद्य

आपल्या ख्रिस्तसभेतही वाद्यांचा प्रवास चाचपडतच झाला आहे. 1903 साली केंदळच्या मिशनमध्ये जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला. त्याच वर्षी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले आणि पियानो, ढोल, झांजा यांना उपासनेत मनाई केली. साठ वर्षांनी, 4 डिसेंबर 1963 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवण्यात आला. परंतु मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी आणि भाविकांची श्रद्धा वाढवणारी इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील, असे ठरले. त्याच दारातून पेटी, तबला आणि गिटार आपल्या मिस्सेत आली. ब्रायन मे चुलाण्याचे लाकूड तासत होता तेच हे वर्ष.

गरज पडली की हाताशी असेल त्यातून वाद्य घडवण्याचे धैर्य याही आधी एका धर्मगुरूने दाखवले होते. फिलिपीन्समधील लास पिन्यासचे फादर दिएगो सेरा यांनी 1816 ते 1824 या काळात चक्क बांबूचा ऑर्गन बांधला. कीड लागू नये म्हणून बांबू किनाऱ्यावरच्या वाळूत पुरून ठेवले. काही स्वर बांबूतून नीट निघेनात, तेव्हा तेवढ्या नळ्या धातूच्या केल्या. 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या आहेत आणि तो ऑर्गन आजही वाजतो.

आपल्याकडे गोव्याच्या धर्मग्राम शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी शिकवली. त्यांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईचे चित्रपटसंगीत तोलून धरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तर 1977 सालच्या चित्रपटगीतामुळे घराघरांत पोहोचले. 1957 च्या परकीय चलनटंचाईनंतर आयातीवर निर्बंध आले. विदेशी गिटारी दुर्मीळ झाल्या आणि मुंबईच्या तरुण वृंदांना गावातल्याच सुतारांचा व रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा आधार घ्यावा लागला. त्या वृंदांची नावे पुस्तकांत आली आहेत. त्या सुतारांची नावे मात्र शोधूनही सापडत नाहीत.

येथे दोष दुसऱ्या कोणाचा नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आम्हीही गायकांचे हात हातात घेतले आहेत. गिटारीची तुटलेली खुंटी आदल्या रात्री कोणी बसवून दिली, हे विचारायचे आम्हाला कधी सुचले नाही. ज्या घरात प्रभू येशू वाढला ते घर एका सुताराचे होते. नाझरेथच्या त्या कर्मशाळेत एखादी फळी वाकडी कापली गेली नसेल, असे कोण म्हणेल? संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. त्याच्या कामाची ओळख मात्र नोंदलेली आहे.

म्हणून पिंपळवंडीच्या किंवा कोणत्याही गावच्या एखाद्या मुलाने जुन्या दाराची फळी, मोटारीच्या दुकानातली तांब्याची तार आणि चार लोहचुंबक घेऊन गिटार करायला घेतली, तर घरच्यांनी त्याला हसू नये. त्याची पहिली गिटार बहुधा बेसूरच वाजेल. ती टाकून देऊ नये; तिच्यावर तारीख घालून भिंतीला टांगावी आणि शेजारी करणाऱ्याचे नाव लिहावे. दुसरी घडवताना त्याला तीच उपयोगी पडेल.