पावसाळ्यात घोडदळ काय करी?

मोहिमा आठ महिने. मग उरलेले चार महिने घोडेस्वार करत तरी काय, असे वाचक हमखास विचारतात. छावणी. नद्या दुथडी, वाटांचा चिखल. दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत बहुतेक हालचाली थंडावत.

या छावणीचे बारीक चित्र शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातल्या लष्करी अंमलदारांना धाडलेल्या पत्रात सापडते. पत्र राज्याभिषेकाच्या (१६७४) आसपासचे. त्यात तलवारीपेक्षा दाणा, वैरण, चूल आणि उंदीर यांचीच चिंता जास्त! दाणागोटा आत्ताच वारेमाप उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्यांचे धान्य, गवत, भाजीपाला ओरबाडू लागतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल परवडले असे वाटेल, अशी ताकीद महाराज देतात. पुढची सूचना तर एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्याला शोभावी अशी: रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. तंबाखू ओढणारेही यातून सुटलेले नाहीत.

छावणीची खोपटी गवताची, शेजारी वैरणीच्या गंजी. हे सारे जळाले, तर कुणब्यांच्या माना मारल्या तरी खोपटे उभारायला एक लाकूड मिळायचे नाही, हेही पत्रात बजावले आहे.